बोरन्हाणाचं बोलावणं

यंदा बोरं आली तशी मी चौकातल्या गाडीवरून जाताना मान वळवते. गाडीवाला ओळखीचा आहे. "काकी, न्हेत न्हाई का औंदा?" म्हणून हाक मारतो. मी हातानंच नको म्हणते आणि पुढं चालू लागते. त्याला वाटत असेल, म्हातारीचे दात गेले. दात आहेत माझे. आत कुठंतरी एक बोर अडकलंय, ते गेल्या संक्रांतीपासूनचं.

आमच्या भोसरीचा पौष तुम्हाला सांगते. सकाळी सातला वर्कशॉपची शटरं वर जातात तेव्हा थंडीनं लोखंडसुद्धा किरकिरतं. पोरं यंत्र सुरू करायच्या आधी हातावर हात घासतात, चहाचा कागदी कप गालाला लावून उभी राहतात. लेथच्या तेलाचा वास थंडीत खाली बसतो, जमिनीलगत. दाराबाहेर लोखंडाचा कुरळा कीस पडलेला असतो, त्यावर ऊन आलं की असा चमकतो की एखाद्या सोनाराचं दुकान वाटावं. आणि त्याच्याच शेजारी, रस्त्याच्या कडेला, ऊस, गाजर, हरभऱ्याचे घाटे आणि बोरं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत असा सगळा माल रस्त्यावर येतो, कारण तेवढ्या दिवसांत लेकरांची बोरन्हाणं होतात. पाटावर काळं झबलं घातलेलं मूल, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे ओतायचे. भोवतीची पोरं वेचायला तुटून पडतात. मूल आधी दचकतं, मग रडतं, मग एखादं बोर उचलून तोंडात घालतं आणि सगळ्या बायका हसतात. दर वर्षी हे असंच होतं आणि दर वर्षी बायका पहिल्यांदा पाहिल्यासारख्या हसतात.

आमच्या शेताच्या बांधावर बोरीचं झाड होतं. शेत एमआयडीसीत गेलं, बांधही गेला. आता तिथं पत्र्याची शेड आहे आणि आत गाड्यांच्या भागांना रंग देतात. पण त्या झाडाची बोरं अजून माझ्या जिभेवर आहेत. एवढुशी, लाल, अर्धी आंबट आणि शेवटी घशाला चिकटणारी. आत्ताची बोरं मोठी आणि पांढरी, सफरचंदाच्या पोटची. त्यांना चव नाही, नुसतं पाणी.

लग्न होऊन मी आले त्याच्या पुढच्याच वर्षी माझ्या जावेच्या थोरल्याचं बोरन्हाण होतं. बोरं मीच वेचून आणली होती, हाताला काटे लागले होते. ओतून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हिच्या मांडीवर दे गं त्याला. पुढल्या साली हिचा पाट मांडू." जावेनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. गरम, जड, हलव्यानं चिकट झालेलं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पुढल्या साली पाट जावेच्याच दुसऱ्याचा. पुन्हा मांडीवर दिलं. मग नणंदेच्या मुलीचं झालं. मग शेजारच्यांचं. दर पौषात एक पोर माझ्या मांडीवर यायचं आणि बायका माझ्याकडं अशा बघायच्या की मी आत्ताच्या आत्ता काहीतरी करून दाखवणार आहे. घरी येऊन मी लुगड्याला चिकटलेला हलवा नखानं खरवडत बसायचे. देवाचं केलं, अंगारे केले, कुणी सांगितलं म्हणून कडू काढे महिना महिना प्यायले. माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. आली की पंधरा दिवस जायची नाही. हनुवटीवर दोन-चार राठ केस यायचे. आमच्या ह्यांनी एकदा वर्कशॉपमधून बारीक चिमटा आणला आणि काही न बोलता आरशाजवळ ठेवून दिला. त्यांनी दुसरी केली नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी जन्मभर त्यांच्या उपकारात राहिले. ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही की मनातून काय वाटतं.

मग एका वर्षी जावेच्या तिसऱ्याचं, संतोषचं बोरन्हाण झालं. ओतून झालं, औक्षण झालं, पोर उचलून जावेनं स्वतःच्याच खांद्यावर घेतलं. माझ्या मांडीवर कुणी दिलं नाही. मी पदर नीट करून बसले होते. सासूबाई दुसरीकडं बघत म्हणाल्या, "जा गं, सगळ्यांना तिळगूळ वाट." इतकी वर्षं मला त्या मांडीवर देण्याचा राग यायचा. त्या दिवशी कळलं की राग यायचा ते दिवस बरे होते. त्यांनी माझी आशा सोडली होती, आणि ती सोडताना मला विचारलंसुद्धा नव्हतं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. हे मला माहीत होतं, अंगावरून गेलेलं होतं, तरी गेल्या वर्षी मी जे केलं ते केलं.

तो संतोष पुढं माझ्याकडंच वाढला. जावेला तीन आवरत नव्हते. मला तो आईच म्हणतो. आता ताथवड्याला राहतो, कॉलेजच्या बाजूला मोठ्या बिल्डिंगीत, रविवारी फोन करतो. हे गेल्यावर उरलेल्या गुंठ्यात बांधलेल्या तीन मजल्यांवर खोल्या भाड्यानं आहेत आणि खाली मी. भाडेकरूंना संतोष माझ्याच पोटचा वाटतो. मी कधी खोडून काढलं नाही. कशाला काढायचं? खोटं काही बोलले नव्हते, फक्त लोक समजायचे ते समजू देत होते.

पहिल्या मजल्यावर रेणुका आणि बालाजी राहायला आले. लातूरकडची पोरं. तो चाकणला गाड्यांच्या कंपनीत, ती पण चाकणलाच, गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधायच्या कामावर. मला एकदा दोरा घेऊन दाखवलं होतं तिनं. फळीवर खिळे असतात, त्यांतून रंगीत वायरी फिरवायच्या, टेप गुंडाळायची, एकही वायर इकडची तिकडं होता कामा नये. बोटं अशी चालायची तिची की बघत राहावं. बोलायची तशीच, भरभर. "काय करायलात मावशी?" म्हणत जिन्यातूनच सुरुवात. शिफ्टवरून आली की आधी वरच्या मजल्यावर वैशालीकडं जायची, तिचं तान्हं पोर उचलून खाली आणायची आणि माझ्या ओट्यावर बसायची. ते पोर, शिवा, तिच्या कंपनीच्या ओळखपत्राची दोरी चघळत बसायचं. वैशाली वरून ओरडायची, "रेणुका, त्याला घेऊन कामावर जाऊ नकोस बाई." ही म्हणायची, "लावते की याला शिफ्टला. लाळेनंच वायरी चिकटवंल, टेपचा खर्च वाचंल."

दिवाळी झाल्यावर एकदा आली ती गप्प. लग्नाला पाच वर्षं झाली होती. बालाजीची ड्युटी होती म्हणून दवाखान्यात मला चला म्हणाली. सोनोग्राफीच्या आधी तांब्याभर पाणी प्यायला लावतात आणि लघवीला जाऊ देत नाहीत. ती बाकावर पाय आवळून बसलेली आणि आजूबाजूला सगळ्या पोटुश्या बाया. एक तर डाळिंब सोलून खात होती निवांत. रेणुका माझ्या कानात म्हणाली, "मावशी, इथं सगळ्यांच्या पोटात लेकरू आन् माझ्या पोटात नुसतं पाणी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आत डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. विचारत गेल्या. पाळी किती दिवसांनी येते? कधी दोन महिन्यांनी, कधी चार. वजन वाढलंय का? मान काळवंडली का? हनुवटीवर केस येतात का? रेणुकाचा हात हनुवटीवर गेला. शेजारच्या खुर्चीत माझाही गेला. त्या तिला विचारत होत्या आणि मनातल्या मनात उत्तरं मी देत होते. व्हय. व्हय. ते पण व्हय. मग त्यांनी पीसीओएस असं नाव सांगितलं. कागदावर चित्र काढलं. अंडी तयार होतात पण पुरती पिकत नाहीत, अर्धवट राहतात, म्हणून बारीक मण्यांसारखी कडेनं दिसतात. खूप जणींना असतं, म्हणाल्या. मूल होणारच नाही असं नाही, वेळ लागतो, औषधं आहेत, चालत जा, खाणं सांभाळा.

मी त्या चित्राकडं बघत होते. सासष्ट वर्षांची बाई मी. माझ्या दुखण्याला नाव होतं आणि ते मला दुसरीच्या कागदावर सापडलं. नाव तेव्हा कळलं असतं तर मूल झालं असतं असं मी म्हणत नाही. पण निदान सासूबाईंना सांगता आलं असतं की हा शाप नाही, हे असं असं आहे, बघा, चित्र आहे.

परत येताना सीटवाल्या रिक्षात ती मधे बसली होती. थोडा वेळ गेल्यावर म्हणाली, "माझ्या पोटात मण्यांची माळ हाय म्हणं मावशी. सोन्याची असती तर कायतरी कामाला आली असती." रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मग तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "तुमाला कळायचं न्हाई. तुमचं भरलेलं घर हाय."

तेव्हा सांगायचं होतं. ओठावर आलं होतं. मी बाहेर बघितलं. कारखान्याच्या भिंती मागं पळत होत्या, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मी म्हणाले, "व्हतंय सगळं नीट. देवाला काळजी." चाळीस वर्षं लोकांनी मला जे सांगितलं तेच मी तिच्या पदरात टाकलं.

मग संक्रांत आली. शिवाचं पहिलंच बोरन्हाण, रविवारी गच्चीवर करायचं ठरलं. वैशालीची सासू गावाहून आलेली. वैशाली बोलावणी करायला निघाली तेव्हा आधी माझ्याकडं आली. कुणाकुणाला सांगायचं ते बोलत होतो. मला सगळं दिसलं. रेणुका पदर नीट करून बसलेली, तिच्या मांडीवर पोर देतायत, बायका बघतायत. मी म्हणाले, "रेणुकाला नगं बोलवू. तिची सेकंड शिफ्ट हाय. आन् आत्ताच दवाखान्याचं झालंय, तिला तरास व्हईल." वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं काकी. तुम्ही म्हणताय तर." शिफ्टचं मी ठोकून दिलं होतं. मला माहीतच नव्हतं.

हळदीकुंकवाला आमच्यात बोलावणं दारात जाऊन द्यायचं असतं. करंडा हातात घ्यायचा, उंबऱ्यात उभं राहायचं, बोट कुंकवात बुडवायचं आणि या म्हणायचं. एका घरात राहणाऱ्यांनासुद्धा असंच. त्याशिवाय कुणी जात नाही, ऐकून माहीत असलं तरी.

रविवारी दुपारी मी खालीच ऊस सोलत बसले होते. मी विधवा, वर कुंकवात माझं काय काम. करवे करून पाठवून द्यायचे एवढं माझं. चारच्या सुमारास रेणुका जिन्यातून खाली आली. काळी साडी नेसलेली, केसांत गजरा. हातात डबा. वर बायकांचा गलका, पोरांचे पाय धडधडत होते. तिनं त्या दिवसासाठी ड्युटी बदलून घेतली होती. सकाळपासून दार उघडं ठेवून बसली होती. वैशाली दारावरून तीनदा गेली म्हणे.

तिनं डब्याचं झाकण उघडलं. हलव्याचे दागिने होते. मुकुट, हार, कंकणं, कमरेला साखळी. एकेक दाणा दोऱ्यात घेऊन बांधलेला, एकही इकडचा तिकडं नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून केले होते.

"हे वैशालीताईला द्या मावशी. मी दिलं म्हणू नका." मग खाली बसली माझ्यासमोर, उसाच्या सालपटांत. हळू विचारलं, "माझी नजर लागंल म्हणून बोलावलं न्हाई का?"

मी कोयता खाली ठेवला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "अगं न्हाई. इसरली असंल ती. कामाची घाई."

"एका जिन्यात राहून इसरली?"

मी पुन्हा ऊस सोलायला घेतला.

थोड्या वेळानं वरून पोरं धडाधड उतरली, मुठी भरलेल्या. एका पोरीनं जाता जाता रेणुकाच्या मांडीवर चार बोरं टाकली, "घे ताई." रेणुकानं ती बोरं उचलली, माझ्या पाटावर एका ओळीत मांडली आणि वर निघून गेली. कडी लावल्याचा आवाज आला. तिच्या दाराला कडी असते हेच मला तोवर माहीत नव्हतं.

डबा मी दिला नाही. द्यायचा तर काय सांगून द्यायचा? धान्याच्या कोठीवर ठेवला, उद्या बघू म्हणून. हलवा नासत नाही. हे एक वाईट आहे त्याचं.

त्यानंतर रेणुका कामावरून आली की सरळ आपल्या खोलीत. शिवा वरून रांगत जिन्यापर्यंत यायचा, कठड्याच्या गजांतून हात बाहेर काढून आवाज करायचा, आणि पहिल्या मजल्यावरचं दार बंद. वैशालीही नाराज, ती म्हणायची, हिला आता दवाखाना झाल्यापासून माणूस नको झालंय. मी दोघींच्या मधे, खाली, माझ्या ओट्यावर, पितळेचे डबे घासत बसलेली. मार्चात बालाजीनं चाकणलाच खोली बघितली, कंपनीला जवळ पडतं म्हणाला. टेम्पोत सामान चढलं. रेणुका पाया पडली माझ्या. कुंकवाला हात न लावता मी ओटी भरली तिची, नारळ घातला, आणि तिनं माझ्या डोळ्यांकडं न बघता तो पदरात घेतला. माझ्या ओटीत नारळ घालायचे तेव्हा मीही असाच, वर न बघता घ्यायचे.

घर आता शांत आहे. त्या खोलीत दोन पोरं राहतात, शिफ्टची. एक येतो तेव्हा दुसरा जातो. नमस्कार काकी म्हणतात आणि मोबाइल बघत जिना चढतात. संध्याकाळी ओट्यावर मी बसते आणि समोरच्या वर्कशॉपचं शटर खाली येईपर्यंत बसते. बोलायची सवय असलेल्या बाईला बोलायला कुणी नसलं की ती डब्यांशी बोलते, कुकरशी बोलते. आता तर लिहायलाही लागली. संतोषनं दिलेल्या कंपनीच्या डायऱ्या पडूनच होत्या.

यंदा संक्रांतीला मी रेणुकाला फोन लावला. जेवणाची सुट्टी होती तिची, मागं भांड्यांचा आवाज येत होता. तिळगूळ घे, गोड बोल, सगळं झालं. तब्येत कशी म्हणाले. "चालू हाय औषध," म्हणाली, पुढं काही नाही. मीही विचारलं नाही. आणि मग कसं कोण जाणे, मी डोळे मिटले आणि बोलत सुटले. बोरन्हाणाला नको बोलवू असं मीच सांगितलं होतं. शिफ्टचं खोटं होतं. डबा अजून माझ्याकडंच आहे. संतोष माझ्या पोटचा नाही. माझीपण पाळी चार-चार महिने यायची नाही, मलापण हनुवटीवर केस, तुझ्या कागदावर जे चित्र होतं ना पोरी, ते माझंच होतं. माझ्या मांडीवर पोरं द्यायचे, मला नकोसं व्हायचं, म्हणून मी तुला...

पलीकडं भांड्यांचा आवाज मागं पडला, ती उठून बाहेर आली असावी.

"दवाखान्यात तुमाला कळलं होतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"रिक्षात बसलो तवाबी कळलं होतं?"

"व्हय."

"मावशी, मी दोन महिने त्या खोलीत कडी लावून रडले. मला वाटायचं, या बिल्डिंगीत माझ्यासारखं कुणीच न्हाई. आन् तुमी खाली. जिना उतरला की तुमी."

मग घंटा वाजली. "सुट्टी संपायली. ठेवते," म्हणाली.

त्याला आता आठ दिवस झाले. फोन आला नाही. मी केला नाही.

वैशालीला मात्र त्याच संध्याकाळी वर जाऊन सांगितलं, सगळं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं. म्हणाली, "काकी, मला वाटलं तुम्हालाच चालत नाही ती आलेली. जुनी माणसं म्हणून मी गप्प बसले. मला तर तीच पाहिजे होती त्याला मांडीवर घ्यायला." शिवा आता चालतो. आमच्या बोलण्यात मधेमधे येऊन पिठाचे हात पुसून जात होता माझ्या साडीला.

त्याचं यंदाचं बोरन्हाण रथसप्तमीला आहे. मी वैशालीला म्हणाले, चाकणचं बोलावणं माझ्याकडं दे. ती करंडा देताना जरा घुटमळली. मी विधवा बाई, मी कुंकू घेऊन दारात उभी राहणार. मग तिनं स्वतःच झाकण नीट बसवून दिलं.

उद्या रेणुकाची फर्स्ट शिफ्ट असावी असा माझा अंदाज आहे. यावेळी अंदाजच आहे हे मला ठाऊक आहे. चारच्या बसनं निघेन. कोठीवरचा डबा पिशवीत घातलाय. मुंग्या लागल्या नव्हत्या, दाणा न् दाणा जागेवर आहे. फक्त मुकुट आता शिवाच्या डोक्याला लहान होईल. आज चौकातल्या गाडीवर थांबले आणि पावशेर बोरं घेतली, ती मोठी पांढरीच. गाडीवाला म्हणाला, "आलं का मनात?"

ती दार उघडेल की नाही, सांगता येत नाही. उघडलं तर आत घेईल की नाही, तेही नाही. आली नाही तर माझं काही म्हणणं नाही. पण यायचं की नाही हे तिनं ठरवायचं, आणि ते ठरवायला आधी कुणीतरी तिच्या उंबऱ्यात जाऊन उभं राहायला पाहिजे. तेवढं करून येते.